मदत हवी आहे: ड्रिलच्या बॅटरीत नवे सेल टाकले, मीटर २० व्होल्ट दाखवतो, पण बीमला बिट टेकवलं की ड्रिल बंद

पडदेवाली:

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी इलेक्ट्रॉनिक्सवाली नाही. सांगलीत पडद्यांचे रॉड, ब्लाइंड्स आणि डासांच्या जाळ्या बसवायचं आमचं काम आहे. मापं मी घेते, भोकंही मीच पाडते, शिवण जाऊबाई बघतात. नव्या बिल्डिंगमध्ये वायरिंग झालेलं असतं पण लाइटचा मीटर बसलेला नसतो, त्यामुळे वायरवालं ड्रिल घेऊन उपयोग नाही. १८ व्होल्टचं कॉर्डलेस आहे, त्याच्यासोबत २ अँपिअर-अवरचे दोन पॅक आले होते. तीन वर्षं चांगली गेली. मग एक पॅक दहा मिनिटांत उतरायला लागला. दुसरा चार्जरवर लावला की लाल-हिरवा दिवा आलटून पालटून लुकलुकतो, चार्जिंग काही सुरू होत नाही.

नवा पॅक साडेतीन हजारांच्या पुढे आहे. ओळखीच्या एका मेकॅनिकने पहिल्या पॅकमध्ये नवे सेल टाकून दिले, १४०० घेतले. "जुन्यापेक्षा जास्त ताकदीचे, २६०० एमएएचचे टाकलेत" म्हणाला. घरी आणून चार्ज केला, चार्ज छान झाला. प्लायवूडमध्ये स्क्रू मारले, झकास. दुसऱ्या दिवशी साइटवर खिडकीवरच्या बीमला बिट टेकवलं, दोन सेकंद फिरलं आणि गप्प. ट्रिगर सोडून परत दाबला की परत दोन सेकंद. बारा भोकांना पाऊण तास लागला आणि खाली कस्टमर उभे!

मेकॅनिक म्हणतो सेल नवे आहेत, तुमचं मशीनच गेलं असणार. पण जाऊबाईंच्या भावाकडे हेच मशीन आहे. त्याचा पॅक लावला की माझं ड्रिल लोण्यात सुरी गेल्यासारखं चालतं. म्हणजे मशीन नाही गेलेलं.

काल पॅक खोलला, फोटो टाकलाय. स्क्रू ते चांदणीसारखे, मधे टोक असलेले, त्यासाठी ९० रुपयांचा बिट सेट आणावा लागला. आत पाच निळे सेल आहेत, पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडलेले, प्रत्येक जोडावर हरभऱ्याएवढा शिशाचा डाग. एक हिरवा बोर्ड आहे. दोन बारीक वायरींच्या टोकाला एक काळा मणी नुसताच लोंबकळतोय. मीटर लावला तर पूर्ण पॅक २०.४ व्होल्ट, प्रत्येक सेल ४.०७ ते ४.०९. सगळं तर बरोबर दिसतंय! मग अडतंय कुठे? बोर्ड खराब आहे का?

दुसरा, लुकलुकणारा पॅकही खोललाय. त्यातले आकडे ३.९२, ३.९१, ३.९३, १.४६, ३.९२. त्याचं काही होईल का?

खटपट्या:

ताई, प्रश्न विचारावा तर असा. निम्मे लोक "बॅटरी चालत नाही, काय करू" एवढंच लिहून गायब होतात.

तुम्ही व्होल्टेज मोजलंत ते ड्रिल आरामात असताना. आराम करणारा सेल कधीच खरं सांगत नाही. मीटरच्या दोन्ही पिना पॅकच्या पहिल्या आणि शेवटच्या टोकाला धरा, दुसऱ्या कुणाला तरी जाड लाकडात मोठा स्क्रू मारायला सांगा आणि बंद पडायच्या क्षणी आकडा किती दिसतो ते बघा. मग तसंच एकेका सेलवर. सेलच्या प्लास्टिकवर काय छापलंय तेही लिहा, अक्षरन् अक्षर.

आणि त्याआधी हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा. थट्टा नाही करत. उघड्या पॅकवर सोन्याची बांगडी आडवी पडली तर शंभरेक अँपिअर त्या बांगडीतून जातील. बांगडी लाल होते आणि ती मनगटात असते.

आडवातिडवा:

एवढा कशाला विचार करताय, बोर्ड काढून टाका आणि सेल डायरेक्ट टर्मिनलला जोडा. माझ्या ग्राइंडरचं असंच केलं, वर्ष झालं मस्त चालतंय.

खटपट्या:

@आडवातिडवा, हा सल्ला कृपया कुणी घेऊ नका. लिथियमचा सेल अडीच व्होल्टच्या खाली ओढला की कायमचा आजारी पडतो, आणि ४.२ च्या वर चार्ज झाला तर पेट घेऊ शकतो. पाचातला कुठला सेल कुठल्या टोकाला गेलाय हे त्या बोर्डाशिवाय कुणाला कळणार? तुमचं वर्षभर निभावलं, आनंद आहे. ताईंचं ड्रिल रात्री घरात चार्जिंगला असतं.

पडदेवाली:

बांगड्या काढल्या, हातात रबरी मोजे घातले. भाचा सुट्टीला आलाय, त्याने मोबाइलवर मीटरचं शूटिंग केलं, कारण आकडा इतका पटकन पडतो की डोळ्याला पकडता येत नाही. सागवानाच्या जुन्या चौकटीच्या तुकड्यात १० एमएमचं बिट घातलं. ट्रिगर दाबायच्या आधी २०.३. बिट अडकल्यावर १३.६ आणि ड्रिल बंद. सोडल्यावर लगेच परत १९.९!

एकेका सेलवर, प्रत्येक वेळी नव्याने ट्रिगर दाबून: २.७८, २.८१, २.७४, २.४५, २.८२.

सेलवर "आयसीआर १८६५०" आणि पुढे "२६०० एमएएच" छापलंय. कंपनीचं नाव नाही.

ओहमकाका:

बरोबर पकडलंत. बोर्ड निर्दोष आहे. चौथा सेल अडीचच्या खाली चाललाय हे बघून त्याने दार बंद केलं. त्याचं कामच ते.

आता हिशेब बघा. २०.३ मधून १३.६ वजा केले की ६.७ व्होल्ट राहतात. हे कुठे गेले? सेलच्या आत आणि जोडांमध्ये, उष्णता होऊन. अडकलेलं १८ व्होल्टचं ड्रिल २० अँपिअर सहज मागतं. ६.७ भागिले २० म्हणजे पॅकचा अंतर्गत रोध ०.३३५ ओहम, प्रत्येक सेलच्या वाट्याला जोडासकट ६७ मिलिओहम. अवजारांसाठी बनवलेला चांगला सेल २० मिलिओहमच्या आसपास असतो. तसे पाच असते तर त्याच भाराला साधारण २ व्होल्टच पडले असते आणि तुम्हाला काही जाणवलंही नसतं.

मेकॅनिकने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने एमएएच बघितले, जास्त दिसले, टाकले. पण एमएएच म्हणजे गच्चीवरच्या टाकीत पाणी किती. ड्रिलला हवा असतो खाली उतरणारा पाइप. तुमच्याकडे टाकी २६०० ची आहे आणि पाइप अर्ध्या इंचाचा.

छापलेली अक्षरंही बोलतात. पहिला आय म्हणजे लिथियम-आयन, शेवटचा आर म्हणजे गोल आकार, मधलं अक्षर आतल्या रसायनाचं: सी कोबाल्ट, एन निकेल, एम मँगनीज. १८६५० म्हणजे व्यास १८ आणि लांबी ६५ मिलिमीटर. आयसीआर २६०० हे लॅपटॉपच्या खानदानातले सेल. लॅपटॉप दोन-तीन अँपिअर हळूहळू पितो. हे सेल साधारण ५ अँपिअरपर्यंत द्यायला बनवलेले असतात, त्यांच्याकडून २० मागितले की ते बसकण मारतात. पण नुसतं आयएनआर बघूनही घेऊ नका. आयएनआरमध्येही फक्त टाकी मोठी असलेले आहेत, ३५०० एमएएच आणि ८ अँपिअर असे. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, "सतत किती अँपिअर" हा आकडा शोधायचा.

पडदेवाली:

काका, टाकी आणि पाइप! आमच्या बिल्डिंगचं गाऱ्हाणंच तुम्ही सांगितलंत. आता एकदम कळलं. मग कुठले घेऊ?

ओहमकाका:

पाच सेलच्या पॅकला सॅमसंगचा २५आर उत्तम: २५०० एमएएच, सतत २० अँपिअर. एलजीचा एचजी२ ३००० एमएएच आणि २० अँपिअरचा. सोनीचा व्हीटीसी६ सुद्धा ३००० चा, त्याला १५ अँपिअर सतत. सोनीने बॅटरीचा धंदा २०१७ मध्ये मुराताला विकला, म्हणून आता त्यावर मुराता असतं. कोणताही घ्या, पण पाचही एकाच लॉटचे घ्या.

खरी अडचण अस्सल मिळण्याची. १८६५० च्या नळकांड्यात सर्रास मिळणारी क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास संपते. ऑनलाइन ९८०० एमएएच छापलेले दिसले तर हसून पुढे जा. माझी साधी कसोटी वजनाची आहे. अस्सल २५आर ४५ ग्रॅमच्या जवळपास भरतो. नकली बरेच हलके असतात, काहींत तर आत छोटा सेल आणि वर भरताड.

पुढे-मागे-खिळा:

मी मिरजेत ई-रिक्षांच्या बॅटऱ्यांचं काम करतो. ताईंच्या फोटोवरून दोन शब्द.

ते हरभऱ्याएवढे डाग बघून पोटात गोळा आला. सेलवर थेट सोल्डर करू नये. शिसं धरायला तीन-चार सेकंद तापवावं लागतं, तेवढ्यात धन टोकाखालचं प्लास्टिकचं सील आणि आतला पातळ पडदा भाजतो. सेल त्या दिवशी चालतो, मग महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा रोध वाढत जातो. तुमचा चौथा सेल २.४५ वर का गेला, तिथे डाग सगळ्यात मोठा आहे का बघा. स्पॉट वेल्डिंगच हवं. त्यात विजेचा काही मिलिसेकंदांचा झटका असतो, सेल कोमटसुद्धा होत नाही.

सेल जोडणारी पत्ती शुद्ध निकेलची, ०.१५ एमएम जाडीची आणि ८ एमएम रुंद. ड्रिलसाठी मी दुहेरी लावतो. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पत्तीही निकेल म्हणूनच विकतात. दिसायला डिट्टो, पण लोखंडाचा रोध जास्त आणि सांगलीच्या पावसाळ्यात गंजणारच. चुंबकाने ओळखता येत नाही, निकेललाही चुंबक चिकटतो. पत्तीवर कानस मारा, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबडं पाणी दिसलं की लोखंड.

वेल्ड पक्कं झालं का, तर एका भंगार सेलवर आधी मारून पकडीने पत्ती ओढायची. पत्ती फाटून टिकल्या सेललाच चिकटून राहिल्या तर पास. अख्खी पत्ती सोलून निघाली तर झटका कमी पडला.

आणि जे सगळे विसरतात: सेलचं पूर्ण नळकांडं ऋण असतं, वरच्या कडेपर्यंत. धन टोपीपासून ती कड दीड-दोन मिलिमीटरवर, मधे फक्त वरचं प्लास्टिक. ड्रिल दिवसभर हादरतं, पत्ती त्या प्लास्टिकला घासत राहते आणि एक दिवस शॉर्ट. म्हणून प्रत्येक धन टोकावर जाड कागदाची चिकट चकती बसवायचीच. तुमच्या फोटोत एकही दिसत नाही.

लोंबकळणारा काळा मणी थर्मिस्टर आहे, तापमान ओळखणारा. तो मधल्या सेलच्या अंगाला चिकटलेला हवा. हवेत राहिला तर सेल तापून लाल झाले तरी चार्जरला वाटणार सगळं थंड.

पडदेवाली:

चौथ्यावरचाच डाग सगळ्यात मोठा आहे! आत्ता बघितलं.

आणि त्या लुकलुकणाऱ्या पॅकचं? तो गेल्या पावसाळ्यापासून तसाच पडून आहे, आठ महिने तरी झाले. यूट्यूबवर एक जण मोबाइलच्या चार्जरने तेवढ्या एका सेलला पाच मिनिटं "धक्का" देऊन पॅक जिवंत करतो.

ओहमकाका:

करू नका. लिथियमचा सेल दीड व्होल्टवर महिनोन्महिने राहिला की त्याच्या आतली तांब्याची पातळ पत्री विरघळायला लागते. वरून चार्ज केला की ते तांबं नको तिथे परत जमतं आणि आतल्या आत शॉर्ट तयार होतो. असा सेल धक्क्याने उठतो, ३.६ दाखवतो, आपण खूश. मग कधीतरी चार्जिंगवर असताना दगा देतो. चार्जर लुकलुकतोय तो तुम्हाला त्रास द्यायला नाही, पाचातला एक मेलाय म्हणून नाही म्हणतोय.

तेवढा एकच बदलला तर, हे पुढे विचाराल म्हणून सांगतो. चार जुने, समजा चौदाशे एमएएचवर आलेले, आणि एक नवा अडीच हजार एमएएचचा अशी जोडी जमत नाही. जुने आधी रिकामे होणार, आधी भरणार, बोर्ड दर वेळी त्यांच्यामुळे थांबणार. पाचही बदला. काढलेले ३.९ वाले चार एकेकटे वापरायच्या टॉर्चमध्ये वर्ष-दोन वर्षं जातील.

रंधा:

धागा थोडा पळवतो, माफ करा. माझ्याकडे वडिलांचं १४.४ व्होल्टचं जुनं ड्रिल आहे, निकेल-कॅडमियमवालं. २०१९ च्या पुरात पॅक पाण्यात होता. त्यात हेच १८६५० टाकले तर?

पुढे-मागे-खिळा:

पुराच्या पाण्यातला पॅक उघडून फक्त खोका ठेवा, आतलं काही वापरू नका. १४.४ म्हणजे १.२ चे बारा जाडे सेल, त्यांना आम्ही सब-सी म्हणतो. लिथियमचे चार सेल जोडले की भरलेले १६.८ होतात आणि मोटर ते सहन करते. पण जुना चार्जर चुकूनही लावायचा नाही! निकेलचा चार्जर व्होल्टेज किंचित घसरायची किंवा सेल तापायची वाट बघत करंट ढकलत राहतो. लिथियमला ४.२ वर थांबणारा चार्जर लागतो. चार सेलचा बोर्ड आणि १६.८ चा चार्जर वेगळा घ्यावा लागेल. वडिलांची आठवण म्हणून करायचं असेल तर मी पत्ती लावलेले सब-सी निकेल-कॅडमियमच आणेन, खोका आणि चार्जर तेच राहतात.

पडदेवाली:

सगळ्यांना आधी मोठ्ठं थँक्यू. काय काय केलं ते लिहिते, पुढच्या कुणाला तरी उपयोग होईल.

पाच २५आर मागवले. विमानाने पाठवत नाहीत म्हणे, रस्त्याने आले, नऊ दिवस लागले. आल्या आल्या सराफाकडे गेले. आमचे सराफ नथी मोजायच्या काट्यावर सेल ठेवायला आधी तयार नव्हते, मग चहा झाला आणि ठेवले. पाचही ४४ आणि ४५ ग्रॅमच्या मधे. निळ्यांतला एक नेला होता, तो ४३ भरला. म्हणजे तो नकली नव्हता, फक्त ड्रिलचा नव्हता. मेकॅनिकबद्दल मनात आलेलं थोडं मागे घेतलं. डागाचं नाही घेतलं.

मिरजेला जाऊन पत्ती वेल्ड करून घेतली, समोर उभी राहून. आधी त्यांनी खराब सेलवर झटका मारून पत्ती सोलून दाखवली, टिकल्या चिकटून राहिल्या होत्या. टोप्यांवर चकत्या बसवल्या. बोर्डाच्या बारीक वायरी मी खोलायच्या आधी फोटो काढून ठेवला होता, तो उपयोगी पडला. सगळ्यात ऋण टोकाची वायर आधी, मग एकेक पायरी चढत धन टोकाची शेवटी. या वायरी सेलवर नाही, पत्तीच्या सेलपासून लांब असलेल्या शेपटीवर डागल्या. थर्मिस्टर मधल्या सेलला टेपने चिकटवला.

पहिलं चार्जिंग गॅलरीतल्या फरशीवर, खुर्ची टाकून समोर बसून. सासूबाई म्हणाल्या, दूध ठेवलंय का गं?

तोच सागवानाचा तुकडा, तेच १० एमएमचं बिट, भाचा शूटिंगला. २०.६ वरून १८.३. ड्रिल थांबलं नाही, मनगटच पिरगळलं.

आज साइटवर बीममध्ये ६ एमएमची बावीस भोकं झाली. तेविसाव्याला सळई लागली आणि बिट तुटलं.

खटपट्या:

वा! काढलेले सेल कुठे आहेत आत्ता?

पडदेवाली:

बिस्किटाच्या डब्यात. पत्र्याच्या.

ओहमकाका:

ताई! आधी त्या डब्यातून काढा. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना टेप लावा, मग प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. तो १.४६ वाला वेगळा, घराबाहेर. घंटागाडीत टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो तिथेच आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा ड्रिलच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

पुढे-मागे-खिळा:

माझ्याकडे आणून द्या. माझे भंगारवाले महिन्यातून एकदा रीसायकलिंगला नेतात. येताना त्या सराफांचा काटाही घेऊन या.

पडदेवाली:

टेप लावली. काटा नाही मिळायचा.